उसने पैसे, वडिलांचा शब्द आणि पाण्याचा दिवस
वाचकांचे प्रश्न, सदराची उत्तरं

या वेळी सोलापूर शहर आणि परिसराशी जोडलेली पत्रं निवडली आहेत. विषय वेगवेगळे असले तरी बहुतेक पत्रांच्या शेवटी एकच हताश वाक्य आहे: "त्याचा स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार?" उत्तरं देताना आम्ही स्वभावावर निकाल दिलेला नाही. माणूस ज्या व्यवस्थेत वागतो ती व्यवस्था तपासली आहे, कारण तिच्यात हात घालता येतो.

मेहुण्याचा शाळेचे युनिफॉर्म शिवायचा छोटा कारखाना आहे. कापड घ्यायला त्याने साठ हजार उसने मागितले. "दाजी, एवढी वेळ निभवा," म्हणाला. मागच्या वर्षीचे पंधरा हजार अजून यायचेत. शिवाय पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणतोय. नाही म्हटलं तर सासरी तोंड दाखवायची सोय नाही, हो म्हटलं तर घरात भांडण.
(नोकरदार, विजापूर रोड)

आधी जामिनकीचं बोलू, कारण तिथला धोका मोठा असूनही लोकांना तो लहान वाटतो. खिशातून लगेच काही जात नाही, नुसती सही द्यायची असते, म्हणून हात सैल सुटतो. पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकलं तर संस्थेने आधी मेहुण्याकडे वसुली करून पाहावी आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन नाही. तुम्हाला स्वतःला घरासाठी कर्ज काढायचं झालं तर ही जामिनकी तुमच्या पतनोंदीत (क्रेडिट रिपोर्टमध्ये) दिसू शकते. म्हणून नियम असा: जी रक्कम तुम्ही स्वतः फेडू शकत नाही, तिला जामीन राहायचं नाही. नकार द्यायचा तर त्याच दिवशी द्या. "बघतो, विचार करतो" म्हणत दोन आठवडे घालवले की समोरचा ते होकार धरून पुढची जुळवाजुळव करतो आणि मग तुमचा नकार त्याला दगा वाटतो. नात्यात कडवटपणा बहुतेक वेळा असा उशिरामुळे येतो.

आता उसने पैसे. किती द्यायचे, याची कसोटी तुमच्या खात्यातली शिल्लक नव्हे. ही रक्कम कधीच परत आली नाही तरी मेहुण्याच्या घरी जेवताना घास अडणार नाही, एवढीच द्या. ती वीस हजार असेल तर वीसच. साठ मागितल्यावर वीस देणं हा अपमान नाही. साठ देऊन वर्षभर त्याच्या फोनची वाट पाहणं दोघांनाही जड जातं.

मागचे पंधरा हजार का आले नाहीत? तुम्ही लबाडी गृहीत धरली आहे. त्याच्या धंद्याचं चक्र पाहा. युनिफॉर्मचा हंगाम जूनचा. कापड मार्च-एप्रिलमध्ये घ्यावं लागतं, शिलाईची मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते आणि दुकानदारांकडून पैसे शाळा सुरू झाल्यावर, तुकड्यातुकड्याने येतात. अशा माणसाला "दोन महिन्यांत देतो" असं म्हणायला लावलं तर तो मे महिन्यात शब्द मोडणार हे ठरलेलंच. शब्द मोडला की लाज वाटते, लाजेपोटी तो तुमचा फोन टाळतो, टाळला की तुम्हाला तो बुडवा वाटू लागतो. म्हणून परतफेड ऑगस्टपासून, दर महिन्याच्या १० तारखेला दोन हजार, दहा हप्ते, अशी बांधा. हप्ता लहान असला की चुकला तरी तोंड लपवायची वेळ येत नाही.

कागद करा, आणि तो पैसे देण्याआधी करा. तारीख, रक्कम, हप्ते, दोघांच्या सह्या, एवढं पुरे. आयकर कायद्यानुसार वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी घेताना रोखीने घेता येत नाही, तेव्हा बँकेतून द्या आणि शेऱ्यात "उसने" लिहा. उसन्या पैशाचा दावा करायची मुदत साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत त्याने येणं मान्य करून सही दिली, तर मुदत तिथून पुन्हा मोजतात. तुम्ही कोर्टात जाणार नाही हे आम्हालाही कळतं. कागदाचा खरा उपयोग वेगळा आहे: दोन वर्षांनी तुम्हाला "वीस दिले होते" आणि त्याला "पंधराच होते" असं प्रामाणिकपणे आठवू नये, यासाठी तो हवा.

जुने पंधरा हजार या व्यवहारात मिसळू नका. ते सोडून देणार असाल तर तसं स्पष्ट सांगून सोडा. मनात ठेवून सोडलेले पैसे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात पुन्हा वर येतात.

मैत्रिणीचे पती वारले. भेटायला गेले की काय बोलावं तेच सुचत नाही, म्हणून जाणंच टाळते आहे.
(जुळे सोलापूर)

जा. पंधरा-वीस मिनिटं बसा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्यांची तुम्हाला आठवणारी एक गोष्ट सांगा. घरच्यांना ते नाव ऐकायचं असतं आणि बाकी सगळे ते टाळत असतात. "निदान फार भोगलं नाही", "देवाच्या मनात होतं", "आता मुलांसाठी खंबीर हो" ही वाक्यं नकोत. ती बोलणाऱ्याची अडचण सोडवतात, ऐकणारीची नाही. कसं झालं, कधी झालं, हे पुन्हा वदवून घेऊ नका.

"काही लागलं तर सांग" याचाही उपयोग होत नाही, कारण दुःखातल्या माणसाला काय लागतंय हे शोधण्याचं काम तुम्ही त्याच्यावरच टाकता. एखादं नेमकं काम उचला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात, कारण बँक, विमा, पेन्शन, वीजजोडणी, घरपट्टी, प्रत्येक ठिकाणी एक लागते. बँकेत नामनिर्देशित व्यक्तीला पैसे मिळतात, पण ती वारसांच्या वतीने ते सांभाळणारी असते, आपोआप मालक होत नाही. हे वेळेवर कळलं तर पुढचे गैरसमज टळतात. आणि डबा तेराव्यानंतर द्या. तोवर घर भरलेलं असतं. पाहुणे पांगले की चौदाव्या-पंधराव्या दिवसापासून स्वयंपाकघरात जायला पाय उचलत नाही.

आम्ही दोघं नोकरी करतो. माझ्या मते घरातलं ऐंशी टक्के काम मी करते. नवऱ्याच्या मते तो निम्मं करतो. पाणी चार दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे तीनला, आणि उठते मीच. पाण्याच्या दिवशी हमखास भांडण होतं.
(शेळगी)

पतिपत्नींना वेगवेगळं बसवून "यातला तुमचा वाटा किती?" असं विचारलं, तर दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुधा शंभराच्या वर जाते. मायकेल रॉस आणि फियोरे सिकोली या संशोधकांनी १९७९ साली हे दाखवून दिलं. यात खोटं कोणी बोलत नाही. आपलं काम आपण आतून पाहतो, त्यातला कंटाळा आणि पाठदुखी आठवते; दुसऱ्याचं काम फक्त झालेलं दिसतं.

पण यावरून "म्हणजे दोघांचं सारखंच" असा अर्थ काढू नका, आणि पतिराजांनाही काढू देऊ नका. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. दोघांनाही आपलं काम जास्त वाटतं हे खरं, आणि बाईचं काम खरोखरच जास्त असतं हेही खरं.

आधी मोजा. दोन कागद घ्या. दोघांनी वेगवेगळं बसून घरातली बारा-पंधरा कामं आणि प्रत्येकात आपला टक्का लिहा, मग कागद शेजारी ठेवा. जिथे बेरीज शंभराच्या फार वर जाते तिथेच तुमची भांडणं असतात. नंतर त्या कामांचे तीन भाग पाडा: लक्षात ठेवणं, ठरवणं आणि प्रत्यक्ष करणं. नवरे मंडळी बहुतेक वेळा तिसरा भाग करतात आणि पूर्ण काम केल्यासारखं मोजतात. "सांग ना, मी करतो" यात सांगण्याचं ओझं तुमच्याकडेच राहतं.

पाण्याचंच घ्या. पाणी भरणं म्हणजे नुसतं नळाखाली भांडं लावणं नव्हे. पाणी कधी येणार याची चौकशी, आदल्या रात्री पिंप रिकामं करून घासणं, गजर, मोटार लावणं, आधी येणारं गढूळ पाणी वापरायला वेगळं काढणं, मग पिण्याचं गाळून भरणं, टाकी भरली की मोटार बंद करणं, सगळ्यावर झाकणं बसवणं. शिवाय साठवलेलं प्रत्येक भांडं आठवड्यातून एकदा कोरडं करायचं, कारण डेंगीच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. हे सगळं मिळून एक काम आहे आणि ते अख्खं एका माणसाकडे जायला हवं. नवऱ्याने घेतलं तर गजरही त्याच्याच फोनवर लागला पाहिजे.

इथे गाडी कुठे अडते तेही सांगतो. तो पिंप तुमच्यासारखं घासणार नाही. तुम्ही ते पुन्हा घासाल. तिसऱ्या खेपेला तो म्हणेल, "तुलाच जमतं ते," आणि काम परत तुमच्याकडे येईल. म्हणून चार आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. आरोग्याला किंवा विजेच्या मोटारीला धोका असेल तरच बोलायचं. एखाद दिवशी पाणी चुकलं तर त्या दिवशीचा टँकर किंवा जार आणायचं कामही त्याचंच. चुकीचा परिणाम चुकणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही तर सवय लागत नाही.

आमचं घर पूर्व भागात आहे, खाली यंत्रमाग आणि वर राहणं. वडिलांनी माझ्यासमोर शब्द दिला होता की खालचा कारखाना माझा. थोरला भाऊ म्हणतो, असं ते कधी बोललेच नाहीत. आई हयात आहे. बहिणीचं लग्न झालंय. सख्खा भाऊ खोटं बोलतो याचा त्रास पैशापेक्षा जास्त होतोय.
(कन्ना चौक परिसर)

तुमचा भाऊ खोटं बोलत नसेल, ही शक्यता गांभीर्याने घ्या. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या "आपटल्या" तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, "आदळून चक्काचूर झाल्या" तेव्हा किती होता. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फुटलेलीच नव्हती, तरी चक्काचूर हा शब्द ऐकलेल्या पन्नासपैकी सोळांना ती आठवली. साध्या शब्दाच्या गटात पन्नासपैकी सातांना. एका शब्दाने आठवड्यात एवढं होतं, तर घरात वर्षानुवर्षं घोळलेल्या वाक्याचं काय होत असेल! वडील कदाचित म्हणाले असतील, "खालचं तूच बघ." तुम्हाला ते "खालचं तुझं" असं आठवत असेल, आणि थोरल्याच्या कानावर ते एक साधं सांगणं म्हणून पडलं असेल. दोघंही शपथ घ्यायला तयार असाल आणि दोघंही प्रामाणिक असाल.

त्यामुळे "बाबा काय म्हणाले" हा वाद सोडवायचाच नाही. तो सुटणारा नाही, आणि तोंडी शब्दाने घराची मालकी बदलतही नाही. मृत्युपत्र नोंदवलेलं नसलं तरी चालतं, पण ते लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सहीचं असावं लागतं. कपाटं, बँकेचा लॉकर आणि जुन्या वकिलांकडे एकदा नीट शोधा.

मृत्युपत्र नसेल आणि घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ नुसार आई, दोन्ही भाऊ आणि बहीण यांचे वाटे समान, म्हणजे प्रत्येकी पाव. वडिलांची आई हयात असेल तर तिचाही. बहिणीबद्दल तुमच्या पत्रात तीनच शब्द आहेत, "बहिणीचं लग्न झालंय". लग्नाने तिचा हक्क जात नाही. वडिलोपार्जित मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यात शंका उरलेली नाही. तिने वाटा मागितला तर ती नातं तोडत नाही आणि सोडला तर तो तिचा उपकार आहे, हे दोन्ही भावांनी आधी मनाशी पक्कं करा. अक्षतांच्या वेळी केलेला खर्च वाट्यातून वजा होत नाही.

पुढचं असं करा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, घरपट्टीची पावती, मागांच्या वीजजोडणीचं नाव आणि थकबाकी, बँकेचं कर्ज, सूतवाल्याची उधारी, कामगारांचं देणं, सगळं एका तक्त्यात मांडा. देणी मांडली नाहीत तर नंतर ती कारखाना घेणाऱ्याच्या गळ्यात पडतात आणि दुसरं भांडण उभं राहतं. माग, वॉर्पिंग मशीन, सूत, तयार टॉवेल-चादरींचा साठा यांची किंमत दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून काढा आणि सरासरी धरा. घराची किंमत वेगळी.

बैठक कुणाच्याही घरी नको, सण किंवा श्राद्धाच्या दिवशी नको. फक्त चार वारस आणि दोघांनाही मान्य असलेला एक जाणता माणूस. वेळ दीड तास, त्याहून लांबलं तर उठायचं आणि आठ दिवसांनी पुन्हा बसायचं. चौथ्या तासाला माणूस हिशेब सोडून लहानपणचे हिशेब काढतो. आईचं राहणं आणि तिचं महिन्याचं उत्पन्न पहिल्यांदा ठरवा. मग दोघा भावांनी वाटण्यांचं एक जुनं सूत्र वापरावं: एकाने वाटे पाडायचे, दुसऱ्याने आधी निवडायचं. पाडणारा आपोआप काटेकोर राहतो. तुम्हाला कारखाना हवा असेल तर तो इतरांना त्यांच्या वाट्याची किंमत देऊन मिळवा, शब्दाच्या जोरावर नको. माग हलवता येतात, जागा हलत नाही, हेही लक्षात ठेवा. कधीकधी माग एमआयडीसीत नेऊन जागा वाटणं सगळ्यांना सोपं जातं.

शेवटी कागद. वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलंच पाहिजे. नुसता नोटरी केलेला कागद अशा वेळी टिकत नाही, आणि नेमका तो पुढच्या पिढीच्या भांडणाचं मूळ होतो.

मे महिन्यात भर दुपारी सात रस्त्याजवळ एक वृद्ध गृहस्थ कोसळले. पंचवीस-तीस माणसं जमली, दोघांनी व्हिडिओ काढला, पुढे कुणी येईना. सोलापूरची माणसं एवढी कोरडी झाली का?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

कोरडी झालेली नाहीत. गर्दी होती, हीच अडचण होती. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये प्रयोग केला. शेजारच्या खोलीत कुणाला तरी झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं त्यांतले ८५ टक्के, झटक्याचा आवाज चालू असतानाच, मदतीसाठी उठले. आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटलं त्यांतले ३१ टक्के. न उठलेले बेफिकीर नव्हते, त्यांचे हात थरथरत होते. प्रत्येक जण इतरांकडे पाहतो, इतर गप्प दिसले की "एवढं काही नसेल" असं समजतो, आणि जबाबदारी तीस जणांत वाटली गेली की कुणाच्याच वाट्याला येत नाही.

म्हणून गर्दीला हाक मारू नका, एका माणसाला मारा. बोट दाखवून: "निळ्या शर्टातले दादा, तुम्ही १०८ लावा आणि काय म्हणाले ते मला सांगा." दुसऱ्याला: "मावशी, तुमची छत्री इकडे धरा." तिसऱ्याला गाड्या थांबवायला लावा. नेमून दिलेलं काम माणसं लगेच करतात.

उन्हाने कोसळलेल्या माणसाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओले फडके ठेवा. बरळत असेल, ओळखत नसेल, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा आणि क्षणही दवडू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने लोक मागे राहतात. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिलं आहे: आपलं नाव-पत्ता देण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. हा नियम शाळेतल्या मुलांनाही पाठ असायला हवा.

वडील ७४ वर्षांचे. आई पाच महिन्यांपूर्वी गेली. मी पुण्यात नोकरीला, ते मुरारजी पेठेत एकटे. पुण्याला यायला तयार नाहीत. हट्टी आहेत.
(हिंजवडी)

पाच महिने फार थोडे आहेत. जोडीदार गेल्यानंतर वर्षभर, प्रकृतीची निकड नसेल तर, घर बदलायचा निर्णय घेऊ नये. त्यांनी पत्नी गमावली आहे. लगेच घर, गल्ली, सकाळी सिद्धेश्वरांच्या देवळापर्यंतचा फेरा, कन्नड-मराठी मिसळून बोलणारे मित्र, ओळखीचा दूधवाला, हेही सगळं एकदम जाणार. "पुण्याला चला" हे तुम्हाला सुरक्षितता वाटते, त्यांना तो दुसरा वियोग वाटतो. यायला का तयार नाही, असं विचारू नका. "इथलं काय काय सुटेल?" असं विचारा आणि उत्तर मध्येच न तोडता ऐका.

दरम्यान एकटं राहणं सुरक्षित करा. फोनची वेळ रोज एकच, समजा सकाळी साडेआठ. नऊपर्यंत उचलला नाही तर किल्ली असलेल्या शेजाऱ्यांनी डोकावायचं. हे वडिलांच्या संमतीने ठरवा, चोरून नको. आतून कडी न लावता बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसवा. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला पक्के दांडे, बसायला स्टूल, रात्री दिवा. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी. दारामागे एक कागद: औषधं, रक्तगट, डॉक्टर, तुमचा नंबर. पाण्याच्या दिवशी बादल्या उचलायला पैसे देऊन माणूस लावा. ओल्या फरशीवर भरलेली बादली घेऊन चालताना म्हातारी माणसं पडतात.

जेवणाकडे लक्ष द्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिवसेंदिवस टिकते, म्हणून एकटा माणूस तिच्यावरच आठवडा काढतो. भाजी, डाळ, दूध सुटतं आणि चटणीतलं मीठ रक्तदाबाला बाधतं. एका वेळचा डबा लावा. "तुम्हाला जमत नाही म्हणून" असं म्हणून नको, "मला तिकडे घास गोड लागावा म्हणून" असं म्हणून.

पुण्याची चाचणी घ्या, पण दिवाळीत नव्हे. सगळे घरी असताना कुणालाही बरं वाटतं. साध्या पंधरा दिवसांसाठी आणा, जेव्हा तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडता. त्यांच्याकडे घराची किल्ली, स्वतःचे पैसे आणि स्वतःची खाट असावी. दिवाणखान्यातली रोज उचलावी लागणारी गादी माणसाला पाहुणा करते. नातवंडांना सांभाळायचं काम सोपवायचं तर विचारून सोपवा. परतीचं तिकीट आधीच काढा आणि ते त्यांच्या हातात द्या. परत जाता येतं ही खात्री असली की माणूस राहायला तयार होतो.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबू नका: सहा महिन्यांत दोनदा पडणं, गॅस चालू राहणं, गोळ्या दुबार घेणं, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, सहा-बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरणं. अशा वेळी आधी डॉक्टर, मग घराचा निर्णय.

एकवीस दिवस नेमाने केलं की सवय लागते म्हणतात. मी बाविसाव्या दिवशी फिरायला जाणं सोडलं. माझ्यात चिकाटीच नाही का?
(होटगी रोड)

एकवीस हा आकडाच चुकीचा आहे. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक सवय लावायला दिली. आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागतील असा हिशेब निघाला. कुणाला १८, कुणाला २५४. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाला वेळ लागतो. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फरक पडला नाही. तुमचं चुकलं ते बाविसाव्या दिवशी नाही, तेविसाव्या दिवशी "आता मोडलंच" असं ठरवलंत तिथे.

वेळेऐवजी खुणेला बांधा: सकाळचा चहा संपला की बूट. पहिले दोन आठवडे दहाच मिनिटं, मग दर आठवड्याला पाच वाढवा. बूट आणि मोजे रात्रीच दाराशी ठेवा. मार्च ते मे सोलापुरात सात वाजताच ऊन चटका देतं, तेव्हा चहाच साडेपाचला घ्या. खूण तीच ठेवा आणि घड्याळ बदला. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.